मदरबोर्डाचा भाव उतरेपर्यंत

एक मदरबोर्ड विकत घ्यायला मला सात महिने लागले, आणि तो चुकीचा निघाला.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या. शिरूर अनंतपाळच्या. सगळं गाव त्यांना अव्वा म्हणायचं. त्यांचे फोटो भरपूर, पण आवाज एकाच ठिकाणी होता: आमच्या लग्नाच्या व्हिडिओत. मूळ कॅसेटला बुरशी लागली. नशिबानं त्याआधी कुणीतरी तिची नक्कल एका हार्डडिस्कवर घेऊन ठेवली होती. ती डिस्क आता चालू केली की आतून 'कट-कट' आवाज करायची.

माझी बायको महानंदा एवढंच म्हणाली, "अव्वाच्या पहिल्या पुण्यस्मरणाला सगळ्यांसंगं ते बघायचंय मला. तेवढं दुसरीकडं उतरवून घ्या."

"नुसतं उतरवून काय होतंय?" मी म्हणालो. "आपण घरचा सर्व्हर करू!"

सर्व्हर म्हणजे काय हे मी तिला जेवताना समजावलं. एक पेटी, पेटीत चार डिस्क, घरातला प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ दोन-दोन ठिकाणी. एक डिस्क मेली तरी दुसरी जिवंत. (वरणात बोट बुडवून ताटात नकाशाही काढला.) "आणि हे सगळं ज्याच्यावर जोडायचं तो मदरबोर्ड. तो नीट पारखून घ्यावा लागतो. शिवाय स्वस्तात."

"आन् तोवर त्या डिस्कचं?"

"तिला कुणी हात लावायचा नाही. सर्व्हर झाला की एकदमच."

मी लातूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे परीक्षानळ्या धुतो. पण घरात विज्ञानाचा अधिकारी मीच. वही केली, रकाने आखले. एका बोर्डाला डिस्क जोडायच्या सहा जागा, पण किंमत डोळे पांढरे करणारी. एक स्वस्त, पण जागा दोनच. एकाला बरोबर चार, पण तो म्हणे तापतो. कोण म्हणे? इंटरनेटवरचा कुणीतरी, ज्याचं तोंडही मी कधी पाहिलं नाही! त्यानं 'महिन्यात बोर्ड गेला' असं लिहिलं की इकडं मी वहीत त्या बोर्डावर काट मारायचो. देवळात रांगेत उभा असलो तरी मोबाईलवर बोर्डच. एके दिवशी तर पिंडीसमोर हात जोडून मी मनातल्या मनात 'चार जागा' एवढंच मागितलं. जिवाला म्हणून चैन नव्हती.

त्यात अप्पांना कळलं. अप्पा म्हणजे माझे वडील. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत आहे.

"भाव काय चाललाय?" त्यांनी फोनवर विचारलं.

"या महिन्यात जरा चढलाय."

"मग थांब. उतरू दे."

आमच्या घरात 'थांब' हा सल्ला नसून कुळाचार आहे. भाव चढेल म्हणून आम्ही सोयाबीन विकायचं थांबतो. (गोदामातलं तीन वर्षांचं सोयाबीन याला साक्षी आहे.) त्याच शहाणपणानं मी बोर्ड घ्यायचा थांबलो. सोयाबीन उतरत गेलं आणि बोर्ड चढत गेला! दर रविवारी अप्पा चौकशी करायचे, "आज बोर्ड काय म्हणतोय?" आणि मी भाव सांगितला की म्हणायचे, "अजून थांब."

मग एका सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता महानंदा म्हणाली, "बारा दिवस ऱ्हायले." बाकी काही नाही. मी वही मिटली.

लातूरपेक्षा नांदेडला एका दुकानात थोडा स्वस्त मिळत होता, म्हणून नांदेडला निघालो. अप्पाही आले. "बाजार करणं तुला जमत न्हाई," ते म्हणाले. त्यामुळं तिकिटं दोन झाली आणि स्वस्ताई वाटेतल्या अहमदपूरच्या अलीकडंच संपली.

दुकानदारानं काउंटरवर ठेवला तो अगदी माझ्या वहीतला बोर्ड. चार जागा, न तापणारा, खिशाला झेपणारा. मी हात पुढं करणार तोच अप्पांनी माझा पाय दाबला.

"ठीक हाय," ते तोंड वाकडं करून दुकानदाराला म्हणाले, "नको. दुसरीकडं बघूत." आणि मग माझ्या कानात, "ऊठ. पाठ फिरवली की हाक मारतो. मागं बघू नकोस."

आम्ही उठलो. हाक आली नाही. पावलं हळू टाकली. तरी नाही. कोपऱ्यावर थांबून चहा घेतला.

"इचार करलालाय त्यो," अप्पा म्हणाले. आम्ही आणखी एक चहा घेतला.

अर्ध्या तासानं आम्हीच परत गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "तो बोर्ड? गेला की काका. तुमच्या मागंच एक जण येऊन घेऊन गेला. तुम्ही तर नको म्हणून राहिले होते."

आता दुकानात एकच उरला होता, जुन्या मॉडेलचा. "डिस्कच्या जागा चार आहेत का?" मी विचारलं. "आहेत," तो म्हणाला. मी तिथल्या तिथं पैसे दिले. सात महिने जगाला प्रश्न विचारणाऱ्या माणसानं नेमका पुढचा प्रश्न विचारला नाही!

प्रोसेसर, म्हणजे बोर्डावर बसणारा मेंदू, मी सेलमध्ये आधीच घेऊन ठेवला होता, अगदी नवा. घरी सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. दुकानात फोन लावला.

"बोर्ड चांगला आहे काका. फक्त जुना आहे, तुमच्या नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. आधी जुना प्रोसेसर बसवा, बोर्ड अपडेट करा, मग नवा बसवा."

"जुना कुठं मिळेल?"

"आता मिळत नाही."

शेवटी पुण्यस्मरणाच्या दिवशी शिरूर अनंतपाळला ती कटकटी डिस्कच घेऊन गेलो. अंगणात टीव्ही मांडलेला, पुढं सगळे पाहुणे बसलेले. वायर सरळ टीव्हीला जोडली. कट-कट. पुन्हा कट-कट. मग आवाज थांबला. मला हायसं वाटलं. थोड्या वेळानं लक्षात आलं, की डिस्कच थांबली होती, आणि ती कायमची.

खरं सांगतो, मला रडू यायला लागलं. आईचा आवाज एकदा ऐकायचा, एवढंच तिनं मागितलं होतं, आणि मी भाव बघत बसलो. "महानंदा," मी म्हणालो, "माझ्यामुळं गेलं सगळं."

तिनं माझ्याकडं पाहिलं, आत गेली आणि पिशवी घेऊन आली. पिशवीत विभूतीच्या डबीशेजारी एक पेन ड्राइव्ह होता.

"गल्लीतल्या रिचार्जवाल्याकडून पयल्याच आठवड्यात करून आणलं. धा मिन्टं लागली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कुणी हात लावायचा न्हाई म्हणलाव की तुम्ही. लगीन होऊन बावीस वर्षं झाली, वळखते मी तुमाला."

"तू बघितलास?"

"न्हाई," ती म्हणाली. "एकटीला बघवलं नसतं."

पेन ड्राइव्ह लावला आणि अव्वा दिसल्या. नवं लुगडं नेसून मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या. कॅमेऱ्यात आवाजही जातो हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेजारीण विचारत होती, "जावई कसा हाय वं?"

"गरीब हाय," अव्वा म्हणाल्या. "फेट्यापायी सहा दुकानं फिरवलं आमाला. पयल्या दुकानात परत आलो तर त्यो फेटा गेल्ता. पर आमच्या पोरीला बघितलं आन् तितंच हो म्हणला. कायबी इचारलं न्हाई."

अख्खं अंगण हसलं. अप्पा चपलांकडं बघू लागले. महानंदा हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "आणखी एकदा लावा," ती म्हणाली. आम्ही तो तुकडा पाच वेळा लावला.

पाचव्या वेळेपर्यंत प्रत्येक पाहुण्यानं मोबाईल काढून टीव्हीचं शूटिंग केलं होतं. अव्वांचा आवाज आणि माझी अब्रू आता शिरूर अनंतपाळ, उदगीर आणि लातूर मिळून निदान चाळीस मोबाईलमध्ये सुरक्षित आहे. एवढ्या प्रती माझ्या सर्व्हरनं, चालू झाला असता तरी, ठेवल्या नसत्या!