साच्यातून उलटा निघालेला रायगड जिल्हा

एप्रिलची सकाळ, रोह्यातली शाळा, हेडमास्तरांचं ऑफिस... गोष्ट नव्वदच्या दशकातली. माझी आठ वर्षांची प्राजू कुबडी टेकवून टेबलासमोर उभी होती आणि मी दाराजवळच्या बाकावर. हेडमास्तर गुरुजींनी आधीच बजावलं होतं, "तुम्ही बसा, पण मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

वर्षापूर्वी प्राजूचं खुब्याचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी वर्षभर पाय टेकायला मनाई केली. तिसरीचं अख्खं वर्ष ती नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या आमच्या घरात, पलंगावर. गुरुजी म्हणाले, घरी शिकवा, एप्रिलमध्ये मी परीक्षा घेतो... पास झाली तर चौथी, नाहीतर पुन्हा तिसरी.

पुन्हा तिसरी म्हणजे पाठच्या बहिणीच्या वर्गात, तिच्याच बाकावर. हे कानावर पडल्यापासून पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती.

गणित आणि मराठी मी कसंबसं रेटलं. घोडं अडलं ते इतिहास-भूगोलाशी. प्रश्नोत्तरं वाचायला घेतली की प्राजू भिंतीकडे तोंड करून झोपायची, आणि खरं सांगायचं तर मलाही जांभया यायच्या.

आमच्या ह्यांनी पेणहून जाडजूड गाईड आणलं. कंपनीत शिफ्टला जाता जाता फर्मान, "ह्याच पाठ करून घे गो, बाकीची थेरं नकोत." नणंदेने मुंबईहून एक खोक्यातला खेळ पाठवला... त्यात लंडन, पॅरिस सगळं होतं. ज्या पोरीला नागोठणं कुठल्या बाजूला ते ठाऊक नाही, तिला पॅरिसला नेऊन मी काय करणार होते?

आठवडाभर घोळ घातला आणि शेवटी ठरवलं, खेळ घरीच करायचा. माझं माहेर हमरापूरचं, गणपती करणाऱ्यांचं. आमच्याकडे काहीही घडवायचं म्हटलं की आधी साचा.

शेजारच्या मुलीचं भूगोलाचं पुस्तक एका दुपारपुरतं मागून आणलं. पातळ कागदावर जिल्हा उतरवून घेतला, प्लास्टरच्या लादीत जसाच्या तसा कोरला, डोंगराच्या जागी तेवढे खोल खड्डे, आणि त्यात शाडू दाबली. बाहेर आला परातीएवढा रायगड जिल्हा... उंच सह्याद्री, खोलगट नद्या, निळा समुद्र!

चिंचोके फेकायचे, दान पडेल तेवढी गावं पुढे जायचं. थांबाल त्या गावाचं काहीतरी सांगायचं... पेणला मिठागरं, डोलवीला कारखाना, श्रीवर्धनला सुपारी. प्राजू तासन् तास खेळायची, बापालाही हरवायची.

पलंगावरून तो नकाशा दोनदा पडून फुटला. दोन्ही वेळा मी साच्यातून नवा काढला. प्लास्टर, माती आणि रंग यांनी माझ्या हातांना भेगा पडल्या होत्या, भाकरी थापताना रक्त यायचं. हे म्हणाले, "भूगोलात गेली तर तू निस्तर." मीही तोऱ्यात म्हटलं, "निस्तरीन."

तर ती एप्रिलची सकाळ. इतिहास बरा झाला. मग गुरुजींनी भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगला आणि मी बाकावरून अर्धी उठले.

समुद्र डावीकडे होता... माझ्या नकाशात तो उजवीकडे होता.

सरळ कोरलेलं साच्यातून उलटं निघतं. गणपतीची सोंड डावीकडे हवी तर साच्यात ती उजवीकडे दिसते, हे हमरापूरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण साचे माझे वडील, आबा करायचे, आम्ही बायका रंगकामाला... आणि मी शहाणी चार महिने पोरीला डोंगराच्या जागी समुद्र शिकवत बसले होते.

"गुरुजी..." माझ्या तोंडून निघालंच. त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं की मी परत बाकावर बसले.

"प्राजक्ता, कुंडलिका कुठून कुठे जाते? बोटाने दाखव."

तिने कुबडी सावरली. बोट वर गेलं... आणि उजवीकडे वळलं. संपलं, मी मनात म्हटलं, ही आमच्या नकाशातल्या समुद्राकडेच निघाली. चूक माझी आणि वर्ष तिचं जाणार, याची मला इतकी लाज वाटली की मी डोळे मिटून घेतले.

"सह्याद्रीतून निघते," प्राजूचा आवाज आला. डोळे उघडले तर बोट उजवीकडच्या डोंगरातून निघून रोह्यावरून सरकत डावीकडे, थेट रेवदंड्याच्या समुद्रात चाललं होतं. पुढचे सगळे प्रश्न तिने तसेच सोडवले. गुरुजी म्हणाले, "जूनपासून चौथीत बसायचं."

घरी जाताना कुंडलिकेच्या पुलावर आम्ही थांबलो. कुबडीने तिचा खांदा दुखत होता. मी विचारलं, "आपला नकाशा उलटा होता, तुला कधी गो कळला?"

"पहिल्या दिसालाच. आबा सांगतात ना, साच्यात डावा ता उजवा. मी मनात उलटा करून खेळायची."

"मग बोलली का नाय?"

तिने माझ्या हातांकडे बघितलं. "तू परत नवीन साचा केला असतास. तुझं हात किती फाटलं व्हतं..."

भर पुलावर, उन्हात, मी हमसून हमसून रडले. वर्षभर वाटत होतं की या पोरीची काळजी घेणारी मी एकटीच आहे.

घरी पोचलो तर हे दारातच उभे. "काय झाला? भूगोल कसा गेला?"

म्हटलं, "तिचा पैकीच्या पैकी. माझा राहिला."