नापास पुस्तकांची शाळा

जगातली कुठलीही वस्तू तपासून पाहिल्याशिवाय खरी मानायची नाही, असं व्रत घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की त्याच माणसाच्या घरात वरच्या मजल्यावर चार वर्षं भाड्यानं राहिले. मद्रासला तेव्हा सगळे मद्रासच म्हणत. माझ्या यजमानांची बँकेतली बदली सांगलीहून थेट तिकडे झाली, आणि अण्णा नगरात आम्हाला जागा मिळाली ती या आजोबांची. ते तळमजल्यावर राहत म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव 'खालचे आजोबा' पडलं. घराणं तंजावरचं, मराठी. पण ते मराठी असं की माझ्या पणजोबांनी ऐकलं असतं तर गहिवरले असते. त्यात तमिळ हेल मिसळलेला, आणि बायामाणसांना 'अम्मा' म्हणायची तिकडची रीत. मी सव्वीस वर्षांची, आणि हे सत्तरीचे गृहस्थ मला पहिल्या दिवशी म्हणाले, "बसावें अम्मा. आधीं यजमानांस नळ बंद करूं दे."

झालं होतं असं, की जागा बघायला आलेल्या माझ्या यजमानांना त्यांनी घरातले सगळे नळ एकेक करून उघडायला आणि बंद करायला लावले होते. यांना वाटलं नळ दाखवताहेत. आजोबा नळ दाखवत नव्हते, माणूस बघत होते. "नळ कसा बंद करतो त्यावरून भाडेकरू कळतो," ते नंतर मला म्हणाले. यजमान पास झाले. मी स्वतः बी.एड. झालेली, तीन वर्षं शाळेत शिकवलेली बाई, पण माझी पात्रता त्यांनी कशावरून ठरवली ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा ठरवलीच नसावी.

सारी हयात त्यांनी रेल्वेच्या भांडार खात्यात तपासनीस म्हणून काढली होती. कंत्राटदारानं आणलेले बोल्ट, कंदील, बावटे, पावसाळी डगले यांतला एक नमुना उचलायचा. तो वाकवायचा, भिजवायचा, आपटायचा आणि नोंदवहीत शेरा मारायचा, पास किंवा नापास. निवृत्त झाल्यावर हाताला बोल्ट मिळेनात, तेव्हा त्यांनी घराकडे मोर्चा वळवला. वांगी विकणारी बाई दारात आली की हे टोपलीतलं एक वांगं उचलून तिच्यादेखत चिरत. ती बाई पण वस्ताद. तिनं यांच्यासाठी वर एक देखणं वांगं ठेवायला सुरुवात केली. दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी आजोबांनी टोपलीत कोपरापर्यंत हात घालून तळातलं वांगं काढलं. "नमुना विकणारानें द्यावयाचा नसतो," असं तिला शुद्ध मराठीत सांगितलं. तिला काय कळलं देव जाणे, पण ती हसत सुटली. एकदा नवी छत्री आणली तर भर मे महिन्यात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, अंगणात छत्री उघडून उभे राहिले आणि आजींना गच्चीवरून पाणी ओतायला लावलं. आजी बिचाऱ्या त्यातही शहाण्या. मद्रासमध्ये पाणी असं उडवायला कुणाकडे असतं? त्यांनी नवऱ्याला आधी केळीच्या आळ्यात उभं केलं आणि मगच घागर उपडी केली.

अशा माणसाच्या घरी एका सप्टेंबरात दोन नातवंडं येऊन दाखल झाली. थोरली नात सहा वर्षांची, धाकट्या नातवाला पाच पुरी व्हायची होती. आजोबांची एकुलती एक लेक आणि जावई दोघंही इंजिनिअर, ओरिसातल्या कुठल्याशा धरणाच्या कामावर. तिथे वस्तीत शाळाच नाही. मद्रासच्या शाळांनी सांगितलं, आता वर्ष अर्धं संपलं, जूनमध्ये या. तेव्हा लेक वडिलांना म्हणाली, आणि हे सगळं इंग्रजीत म्हणाली, की अप्पा, मे महिन्यापर्यंत यांना घरी शिकवा. मी येऊन बघेन. तयारी झाली असेल तर मुलं तुमच्याकडे राहतील, इथल्या शाळेत जातील. नसेल झाली तर मी त्यांना डोंगरावरच्या वसतिगृहात घालणार, ते लोक सगळं करून घेतात. एवढं बोलून ती गाडीत बसली. आजींनी पदर डोळ्याला लावला, आणि आजोबा त्याच संध्याकाळी अभ्यासक्रम निवडायला बसले.

बसले ते उठेचनात! आठवड्याभरात कुठून कुठून पार्सलं यायला लागली. निरनिराळ्या मंडळांचे अभ्यासक्रम, टपालानं शिकवणाऱ्या संस्थांची माहितीपत्रकं, मूर मार्केटातली जुनी क्रमिक पुस्तकं, दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावर बसायला जागा उरली नाही इतकी. मी म्हटलं, "आजोबा, कुठलंही एक पुस्तक घ्या आणि सुरू करा. अक्षरं सगळीकडे तीच असतात." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गंजका बोल्ट पास करायला सांगत होते. "निवड व्हावी, मग शिकवणें," ते म्हणाले. "पुलाचा बोल्ट आधीं बसवून मग तपासतात का, अम्मा?"

आणि तपासणी तरी कशी? पहिली चाचणी मजबुतीची. पुस्तक एक दिवस धाकट्याच्या ताब्यात द्यायचं. संध्याकाळी पुठ्ठा शाबूत असेल तरच पुढे. निम्मी पुस्तकं तिथेच गारद झाली. उरलेल्यांची चाचणी खरेपणाची. पुस्तकात जे जे विधान असेल ते प्रत्यक्ष करून बघायचं. एका गणितात होतं, की एक नळ टाकी सहा तासांत भरतो. आजोबा दोन्ही नातवंडांना घेऊन अंगणातल्या हौदापाशी बसले, आत खडूनं खुणा केल्या, हातात घड्याळ. पाणी पहाटे पाऊण तास आलं, मग गेलं ते गेलं. तीन दिवस मांडून हिशेब केला, आणि नोंदवहीत शेरा पडला, 'सहा तास पाणी येतें असें या शहरीं कोणीं पाहिलें? नापास.' दुसऱ्या पुस्तकात ताशी अमुक मैलांनी धावणारी आगगाडी होती. तर हे तिघं तांबरमला जाणाऱ्या गाडीत बसून गेले आणि परत आले, नात खांब मोजत, नातू स्टेशनं मोजत. "गणितकारानें वाटेंतले थांबे धरले नाहींत," आजोबांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणणाऱ्या पुस्तकालाही सोडलं नाही. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत पहाटे गच्चीवर ही मंडळी हजर. सूर्य शेजारच्यांच्या माडावरून सरकत सरकत त्यांच्या पाण्याच्या टाकीवर आला, तशी पोरं टाळ्या पिटायला लागली. 'विधान अपुरें.'

माझा संयम सुटला तो माझ्याच पुस्तकांवरून. मी हौसेनं भावाला लिहून सांगलीहून पहिली-दुसरीची मराठी पुस्तकं मागवली होती. आजोबांनी दोन दिवसांत परत केली. म्हणे, "यांत जूनांत शाळा उघडते आणि पाऊस येतो. येथें जूनांत पायाखालीं तवा असतो. पोरें पुस्तकास खोटें म्हणतील कीं जूनास?" मी तणतणत वर आले. यजमान म्हणाले, "तू का जीव जाळतेस? त्यांची नातवंडं आहेत." खरं होतं. पण मला ती मुलं आवडायला लागली होती. रोज दुपारी जिना चढून माझ्याकडे चुरमुरे खायला यायची. मे महिना जवळ येत होता, आणि खाली अजून 'निवड' चालली होती. डोंगरावरचं वसतिगृह मला डोळ्यांपुढे दिसायला लागलं. मार्चमध्ये एके दिवशी मी सरळ खाली गेले आणि म्हटलं, "आजोबा, रागावू नका, पण तुमच्या या तपासणीपायी मुलं हातची जाणार आहेत. तुम्हाला ती नकोशी झालीत का?"

आजी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मला वाटलं, आता जागा सोडावी लागणार. आजोबा हळूच म्हणाले, "अम्मा, लेकीची शाळाहि मीच निवडली होती. सात शाळा तपासल्या. सर्वांत उत्तम ती पास केली. त्यांची अट एकच, घरींहि इंग्रजीच बोलावें. मी मान्य केलें. लेक पहिली आली, सर्व वर्षीं पहिली. आतां ती मजशीं इंग्रजींत बोलते. मज इंग्रजींत रागावतां येतें, अर्ज लिहितां येतो. समजूत काढतां येत नाहीं. जवळ बसवून दोन गोष्टी बोलतां येत नाहींत." मग म्हणाले, "एकदां चुकलों. दुसऱ्यांदां हात कांपतो."

मला इतकी शरम वाटली की काय सांगू! मी त्यांच्या पाया पडले आणि वर निघून आले. त्यानंतर अभ्यासक्रमाचा विषय मी काढला नाही.

मे महिन्यात लेक आली. बरोबर त्या वसतिगृहाच्या शाळेची प्रश्नपत्रिका घेऊनच आली. परीक्षेच्या वेळी आजींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांना एकट्यानं बघवेना. दिवाणखान्यात नात टेबलाशी बसली, आजोबा खिडकीकडे तोंड करून उभे. नातीनं प्रश्नपत्रिका हातात घेतली, कागद उजेडाकडे धरून बघितला, बोट ओलं करून शाई पुसते का ते पाहिलं, आणि मग सोडवायला लागली. तिसऱ्या प्रश्नाला थांबली. हौदाचंच गणित होतं. "पाणी किती वाजता येतं, ते यात लिहिलेलं नाही," ती आईला म्हणाली. आई म्हणाली, "बेबी, जस्ट डू इट." तिनं ते सोडवलं, आणि खाली दुसरं उत्तर लिहिलं, अण्णा नगरासाठी वेगळं. अर्ध्या तासात सगळं संपलं. एक चूक नाही. तिसरीतल्या मुलाला जमणार नाही असा भागाकार तिनं केला होता. धाकट्यानं तेवढ्यात घड्याळ वाचून दाखवलं आणि दिशा सांगितल्या, चार सांगून थांबला नाही, आठ सांगितल्या.

लेक चकित झाली. "अप्पा, विच सिलॅबस?"

आजोबा वळले. इतका ओशाळलेला माणूस मी क्वचितच पाहिला असेल. "अजून ठरला नाहीं," ते पुटपुटले.

मी कपाळावर हात मारून घेतला, माझ्या स्वतःच्या. आठ महिने ही मुलं माझ्या नाकासमोर शिकत होती आणि मी बी.एड. झालेली बाई निवड कधी संपते याची वाट बघत होते. आजोबांना तरी कुठे पत्ता होता?

लेकीनं टेबलावरची नोंदवही उघडली. पानंच्या पानं भरलेली, अक्षर बाळबोध, टपोरं. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून पुस्तकं वाचायची नातीनं आणि शेरे लिहायचेही तिनंच, अडलेलं अक्षर आजोबा हवेत बोटानं काढून दाखवणार, असा प्रकार होता. आणि शेरे मराठीतच, कारण नोकरीत असताना कंत्राटदारांना वाचता येऊ नये म्हणून आजोबा आपली टिपणं मराठीत लिहीत. ती सवय त्यांनी तशीच पुढे चालवली होती. लेक पानं उलटत राहिली. मराठी बोललेलं तिला कळे, पण त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. शेवटी तिनं वही मुलीपुढे सरकवली. "यू रीड."

नातीनं शेवटचं पान काढलं. लेकीनं आधी पाठवून दिलेल्या वसतिगृहाच्या माहितीपत्रकावरच्या शेऱ्याचं ते पान होतं. तिनं मथळा वाचला तसे आजोबा दचकले, हे त्यांनी लिहवून घेतलेलं नव्हतं. पोरीनं आपली आपणच तपासणी केली होती. ती उभी राहून स्वच्छ आवाजात वाचू लागली, "पुस्तक म्हणतें, येथें मुलें घरच्यासारखीं राहतात. पडताळा. येथें आजा नाहीं. आजी नाहीं. वरच्या अम्मा नाहींत. आमची आईहि येथें नाहीं. म्हणून विधान चूक. नापास."

आजी आत निघून गेल्या. लेक मुलीकडे बघत राहिली आणि मग अडखळत, एकेक शब्द शोधून काढल्यासारखी म्हणाली, "हें... तूं... लिहिलंस?" मराठीत. तेहेतीस वर्षांची ती बाई. मी तिच्या तोंडून ऐकलेला पहिला मराठी शब्द तो. आजोबांनी खिडकीचा गज घट्ट धरला होता.

वसतिगृहाला नकाराचं पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. लेकीच्या रजेचे चौदा दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ताक द्यायला खाली गेले तर टेबलाशी लेक बसली होती, हातात पेन्सिल, समोर कागद. शेजारी नात तिचा हात धरून अक्षरं गिरवून घेत होती आणि चुकलं की डोळे वटारत होती. आजोबा झोपाळ्याच्या कडेला बसून गाण्याच्या मैफिलीला आल्यासारखे बघत होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "आजोबा, लेकीसाठी पुस्तक कुठलं पास केलंत?"

"चौदाच दिवस आहेत, अम्मा," ते म्हणाले. "निवडावयास सवड कोठें?"

आणि लेकीनं लिहिलेला कागद मागून घेऊन डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बसले. अक्षरं वाकडीतिकडी होती, ओळ सोडून खाली उतरली होती. मी ताक ठेवून वर आले, तेव्हाही त्यांनी तो कागद तसाच हातात धरलेला होता.