ओलं फडकं

पळसदरीला आमच्या शेजारच्या आजी घरात झाडू मारत नाहीत. ओल्या फडक्याने पुसून घेतात. धूळ उडाली की नातीचे डोळे खाजून लाल होतात ना! नात राहायला आली होती तेव्हा दिवसभर त्यांचं एकच, "चोळू नको गं, थंड पाण्याची पट्टी ठेव." डॉक्टरांनी मांजराच्या केसांवर बोट ठेवलं, तशी त्यांनी आपली लाडकी मनी खालापूरला बहिणीकडे पोचवली. नात त्यानंतर फिरकलीच नाही. फोनवर दिसली की आजी आधी म्हणतात, "डोळं दाखव बघू."

परवा मी चिडूनच म्हटलं, "मनीला आणा की परत. तेवढीच सोबत."

आजी फडकं पिळत राहिल्या. "आन् पोर अचानक आली तं?"