रिकाम्या ओट्याची टकटक
कोंब आलेला कांदा चिरताना मला ती दुपार आठवते. कोंब येऊ नयेत म्हणून गॅमा किरण दिलेले कांदे मी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणले होते. सासूबाई हात लावेनात. “किरणं आत राहतात,” म्हणे. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. चिडून लॅबमधलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र ओढणीत गुंडाळून घरी आणलं आणि थेट कांद्यावर धरलं. टक, टकटक. “वाजून राहिलं ना!” “आई, थोडे किरण सगळीकडेच असतात, ते कांद्याशिवायही वाजतं,” म्हणत मी ते रिकाम्या ओट्यावर नेलं. तेवढीच टकटक. “अगं बाई, ओट्यालाही लागलं!” त्यांनी कांदे फेकले, ओटा दोनदा धुतला अन् मला आंघोळीला पिटाळलं. आता वर्गात मी आधी रिकामं टेबल मोजून दाखवते. घरी मात्र अजून साध्या कांद्यांचे कोंबच काढत बसते.