भिंतीतच संपलेली हिरवी वायर

असल्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय... आठवीत शाळा सुटली माझी, चुका सांभाळून घ्या.

माझं गाव भोकर तालुक्यात. लातूरला डाळ मिलमध्ये कामाला आहे, बायको आणि मी भाड्याच्या एका खोलीत राहतो. ही खोली अन् हे काम, दोन्ही मिळवून दिलं गावच्याच सुदामदादानं. तो वायरमन. त्याचे उपकार मी आजही नाकारत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी पत्र्याचा जुना कूलर घेतला. दादानंच बोर्ड बसवला, हिरवी वायर दाखवून म्हणाला, "हे बघ, अर्थिंग देलं. आता बिनघोर झोप."

घरमालक दरवर्षी माणूस आणून सगळ्या खोल्यांची वायरिंग तपासून घेतात. तो आला तर मीच त्याला दारातून परत पाठवला — "आमच्या दादानं केलंय, त्यात काय बघायचं?" गावच्या माणसाच्या कामाला परक्यानं टेस्टर लावायचा म्हणजे... दादाला काय वाटलं असतं?

एप्रिलमधली गोष्ट, दुपारी बाराचा सुमार. बायको चालू कूलरमध्ये पाणी ओतायला गेली. फरशी ओली, पाय अनवाणी. हात पत्र्याला लागणार तेवढ्यात मागून माझा आवाज — "अगं थांब! आधी बटण बंद कर!" तिनं दचकून बटण बंद केलं, वळून पाहिलं. दारात कोणीच नाही.

तिनं मला फोन लावला. "आवो, कुठं लपलात? मस्करी करून राहिले का?"

"मी मिलमध्ये हाय."

"मग वरडलं कोण? तोंडाला रुमाल बांधल्यावानी आवाज होता बघा तुमचा..."

डाळीच्या धुळीपायी बांधलेला रुमाल मी फोन उचलायला नुकताच खाली ओढला होता. अंगावर सरकन काटा आला.

तसाच घरी पळालो. मालकांच्या त्या माणसाला हातापाया पडून बोलावलं. त्यानं बटण चालू करून पत्र्याला टेस्टर टेकवला — लख्ख पेटला! मग बोर्ड खोलला. हिरवी वायर वीतभर आत जाऊन भिंतीत तशीच लिंपलेली. पुढं कशालाच जोडलेली नाही.

"हे अर्थिंग न्हाई भाऊ," तो म्हणाला, "हे नुसतं दाखवायला हाय."

दादाला विचारलं, तर हसला. "म्हाईत हाय रे मला. एका कूलरपायी अर्थिंगचा खड्डा कोण खोदत बसतंय? आन् झालं का कोणाला काही? न्हाई ना!"

मालकांचा माणूस आला की आता मी काम सोडून घरी थांबतो, एकेक बोर्ड उघडायला लावतो. पण तो आवाज कोणाचा, ते आजवर कळलं नाही. मी ओरडलोच नव्हतो... मला ठाऊकच नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, तो बोर्ड बसवून झाल्यावर माझ्या बायकोच्या हातचं पोटभर जेवून गेला होता.