अकोल्यातील दुकान चालू असल्याबाबत

विषय : फवारणी पंप दुरुस्तीचे दुकान नेटवर ‘कायमचे बंद’ दिसत असल्याबाबत.
संदर्भ : अमरावतीत भाचा नीलेशच्या वेबसाइटच्या ऑफिसात माझे रोजचे बसणे.

निवृत्त झालो, फायली थांबल्या. किश्श्यांची आवक मात्र चालूच आहे.

अकोल्याच्या सलीमभाईंच्या दुकानाची साइट नीलेशने केली. मजकूर माझा. मथळा दिला, ‘कृषी-उपयोगी फवारणी संयंत्रांची देखभाल’. कोणी फिरकले नाही.

“मामा, शेतकरी असं शोधते काय?” नीलेश म्हणाला. “तो लिहिते, पंपाची धार येत नाही. त्याचे शब्द पानावर असले तरच सर्च इंजिन आपल्याले वर दाखवते.”

मी चूक सुधारली. प्रत्येक ओळीत ‘पंप दुरुस्ती अकोला’ घातले. साइट होती त्याहून खाली गेली. मला नवल वाटले नाही. एकाच मजकुराचे पाच अर्ज देणाऱ्याची फाइल आम्हीही तळाशीच ठेवत असू.

•

शेवटी सलीमभाईंच्या पत्नी शमीमभाभींनी गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न आणि आपली उत्तरे फोनवर सांगितली. नीलेशने ती तशीच टाकली. दोन महिन्यांत दुकान सगळ्यात वर दिसू लागले.

दूर डोंगरातल्या धारणीचा एक जण जीप, मग एसटी करून पंप घेऊन आला.

“नुसता वाशर बदलाचा होता, भाऊ,” भाभी म्हणाल्या. “पानावर लिवलं होतं ना.”

“वाचलं. म्हटलं, लिवनाऱ्याच्याच हातून बदलू.”

•

पुढे सलीमभाई गेले. भाभींच्या इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागे घरातच राहण्याचे, चार महिने दहा दिवस शटर खाली होते. तेवढ्यात कोणा हितचिंतकाने नेटवर ‘कायमचे बंद’ अशी नोंद करून टाकली. फवारणीच्या हंगामात भाभींनी दुकान उघडले. नवे गिऱ्हाईक येईना.

वलगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन केला. “दुकान बंद झालं काय?”

“मी दुकानातूनच बोलून राहिली, भाऊ.”

“हो, पन नेटवर तं बंद दाखवते.”

मी सर्च इंजिनच्या कंपनीला रीतसर अर्ज लिहिला. सोबत उघड्या शटरचा फोटो, त्यात हातात पंप घेतलेल्या भाभी. मालकाच्या नावाच्या रकान्याशी थांबलो, भाभींना फोन लावला. “आता तुमचं नाव टाकू?”

“काहून?” भाभी म्हणाल्या. “बंद त्याईच्या नावानं दाखवते. चालूबी त्याईच्याच नावानं दाखवू द्या.”

‘तपासणी सुरू आहे’ असे उत्तर आले. भाभी रोज नऊला शटर उघडतात. अर्ज प्रलंबित आहे.