एका डॉक्टरला एकच दुखणं

गाडीत चढणाऱ्या माणसाला आमचे मास्तर 'कुठं जायचं?' असं विचारत नसत. हातातल्या पिशवीतून एक्स-रेचा कोपरा डोकावत असला, की तिकिटाच्या मशीनवर बोट तसंच ठेवून ते विचारायचे, "काय दुखतंय?" समोरच्यानं दुखणं सांगायचं आणि त्याला लातुरात कोणत्या चौकात उतरवायचं, ते मास्तरांनी ठरवायचं.

मी ड्रायव्हर, ते कंडक्टर. परळीहून लातूरला जाणाऱ्या लाल गाडीवर आम्ही नऊ वर्षं जोडीनं काढली. कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात, पण यांना ते नाव शोभायचं. सकाळच्या त्या गाडीनं तुम्ही कधी गेला असाल, तर पाहिलंच असेल, निम्मी गाडी दवाखान्याला निघालेली असते. कोणता डॉक्टर कोणत्या वारी बसतो, कोण खेकसतो, कोण नीट समजावून सांगतो, हे सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं. शिक्षण म्हणाल तर बारावी. मी एकदा चिडवलं, "मास्तर, तुमी डागदरच व्हायला पायजे होतं." तर म्हणाले, "डागदर एका रोगाचा असतो बे. मी समद्या गाडीचा हाय."

एक म्हातारा पाय दुखतो म्हणून हाडाच्या डॉक्टरकडे निघाला होता. मास्तरांनी त्याला धोतर वर घ्यायला लावलं, काळवंडलेला अंगठा पाहिला आणि म्हणाले, "बाबा, हाड ऱ्हाऊ द्या. आधी शुगर बघा." चार महिन्यांनी म्हातारा शेतातली वाळकं घेऊन गाडीत चढला. पाय शाबूत होता. त्यातली दोन वाळकं मीही खाल्ली.

मास्तरांचा एक नियम होता. "एका डागदरला एकच दुखणं सांगायचं. दोन सांगितली का त्यो गोंधळतो." कुण्या बाईनं म्हणे गुडघा, जळजळ, चक्कर आणि सुनेचा स्वभाव असं सगळं एका दमात सांगितलं होतं आणि ती नुसत्या ताकदीच्या गोळ्या घेऊन परत आली होती. तेव्हापासून मास्तर उतरण्याआधी पेशंटची उजळणी घ्यायचे.

"काय सांगायचं?"

"गुडघा."

"आन् जळजळ?"

"न्हाई सांगायची."

"शाब्बास!"

गाडी हसायची. मलाही तो नियम शहाणपणाचा वाटायचा, हे आधीच कबूल करून टाकतो.

त्यांचं पहिल्यांदा बिघडलेलं मी आरशात पाहिलं. आम्ही दिवसभरात लातूरच्या दोन फेऱ्या करायचो आणि दिवेलागणीला परळीत टेकायचो. शेवटच्या परतीत पाहतो तर मास्तरांची डावी पापणी अर्धी खाली आलेली. मला वाटलं, झोप झाली नसेल. एका बाईनं तर भर गाडीत दम भरला, "मास्तर, वयाचा तरी इचार करा. डोळा कावून मारता?" सगळे हसले, मास्तरही हसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पापणी पुन्हा खाली.

मग त्यांना एकाचे दोन दिसायला लागले. धर्मापुरीहून ते मोटारसायकलवर परळीला यायचे, ती बंद केली. म्हणाले, "वापस जाताना दोन रस्ते दिसतात बे. खरा कोणचा, कुणाला इचारावं?" सुट्टीच्या दिवशी ते डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आले. नवा चष्मा मिळाला.

दिवाळीनंतर लातूरच्या स्टँडवर डबा खाताना ते अर्ध्या भाकरीवर थांबायचे आणि हनुवटीला हाताचा टेकू द्यायचे. जबडा दमतो म्हणाले. दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि एक दाढ काढून आले. संध्याकाळी आवाज नाकातून यायला लागला, तेव्हा घशाच्या डॉक्टरकडे. गुळण्यांचं औषध. बेलच्या दोरीपर्यंत हात जाईना, तेव्हा हाडाच्या डॉक्टरकडे. मानेला पट्टा.

चार दुखणी, चार डॉक्टर. यात एकाही डॉक्टरचं चुकलं नाही. ज्याला जेवढं सांगितलं तेवढं त्यानं तपासलं. मास्तरांनी प्रत्येकाला एकच दुखणं सांगितलं होतं. शिवाय प्रत्येकाकडे ते रात्रभर झोपून, सकाळी पहिला नंबर लावून गेले होते, आणि सकाळी त्यांना काहीच होत नसे. पापणी वर, आवाज खणखणीत. संध्याकाळचा माणूस कुणी पाहिलाच नव्हता.

मी पाहिला होता. सकाळचाही आणि संध्याकाळचाही, जवळजवळ दोन वर्षं, रोज. पण ड्रायव्हरला एक वाईट खोड लागते. मागं काय चाललंय ते दिसतं, आणि आपण समोरच्या रस्त्याचं बघत राहतो.

मग कुणीतरी आगारात तक्रार केली, की कंडक्टर संध्याकाळी पिऊन असतो. जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले, चालताना आधार लागतो. बाहेरच्या माणसाला दुसरं काय वाटणार? मास्तरांना तोंडात नळी धरून फुंकायला लावलं. काही निघालं नाही. तरी गाडीतली नजर बदलली. पूर्वी ज्या बाया मास्तरांना पोटातलं दुखणं सांगायच्या, त्या पदर सावरून खिडकीकडे सरकायला लागल्या. मास्तरांनी आयुष्यात सुपारी खाल्ली नव्हती. त्या आठवड्यात त्यांनी गाडीत कुणाला 'काय दुखतंय' म्हणून विचारलं नाही.

रविवारी मी धर्मापुरीला त्यांच्या घरी गेलो. मास्तर झोपले होते. वहिनींनी चहा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, तुमी दिवसभर त्यांच्यासंगं असता. खरं सांगा. पितात का?"

मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. तीस वर्षांच्या संसारानंतर या बाईला हे मला विचारावं लागलं, कारण मला जे माहीत होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, थेंबसुद्धा न्हाई. काहीतरी दुसरं हाय, आन् समदं एकच हाय." बोललो आणि मलाच ते नव्यानं कळलं. भिंतीवर चार खिळ्यांना चार डॉक्टरांच्या कागदांच्या चार पिशव्या टांगल्या होत्या. वहिनींनी त्या उतरवल्या आणि सगळे कागद एका बाजाराच्या पिशवीत कोंबले.

डोळा, जबडा, हात, सगळ्यांना हुकूम मेंदूच देतो, म्हणून मी मेंदूच्या डॉक्टरचं नाव काढलं. मास्तर उठले ते भांडायलाच. "मेंदूचा डागदर? माझं डोकं फिरलंय व्हय?" आमच्याकडे मेंदूच्या डॉक्टरकडे गेलेला माणूस गावात वेडा ठरतो, हे तुम्हाला सांगायला नको. वहिनी म्हणाल्या, "दारुड्यापरीस येडा बरा."

लातुरात मेंदूची पाटी पाहून आम्ही पहिल्या दवाखान्यात शिरलो, ते निघाले ऑपरेशन करणारे. भला माणूस. पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी कापणारा. यात कापायचं काही दिसत नाही. तुम्हाला औषधवाला न्यूरो पाहिजे, न्यूरोफिजिशियन." कागदावर नाव लिहून दिलं, फी परत केली. साऱ्या जिल्ह्याला वाट दाखवणाऱ्या मास्तरांनाही मेंदूचे डॉक्टर दोन तऱ्हेचे असतात, हे माहीत नव्हतं.

या खेपेला मी अडून बसलो. सुट्टीच्या दिवशी जायचं नाही, सकाळी जायचं नाही. ड्युटी करायची, उभ्यानं तिकिटं फाडायची, सगळे थांबे ओरडायचे आणि दमल्यावर जायचं. शेवटची परतीची फेरी दुसऱ्या जोडीला दिली आणि संध्याकाळी सहा वाजता मास्तरांना हाताला धरून जिना चढवला. मागून वहिनी कागदांची पिशवी घेऊन.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, "काय होतंय?" मास्तर नाकातून म्हणाले, "पापणी पडती. बस." पुढे माझा तोल सुटला. जबडा, आवाज, हात, दोन रस्ते, सकाळ आणि संध्याकाळ, सगळं मी ओकून टाकलं. मास्तर माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मी त्यांचा घातच केला होता.

बाईंनी त्यांना छताकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटाभरात दोन्ही पापण्या घसरल्या. मग मोठ्यानं आकडे म्हणायला लावले. तीसपर्यंत पोचायच्या आत आवाज बुडाला. मग मला म्हणाल्या, "खाली रसवंती आहे. तिथून थोडा बर्फ आणा." मला वाटलं, त्यांना रस प्यायचा असेल. त्यांनी बर्फ रबरी हातमोज्यात भरला आणि मास्तरांच्या डाव्या डोळ्यावर दोन मिनिटं धरला. काढला, तर पापणी वर! दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा डावा डोळा संध्याकाळी पुरता उघडलेला पाहिला. वहिनी रडायलाच लागल्या.

रोगाचं नाव मायस्थेनिया. बाईंनी सोप्या भाषेत सांगितलं, की नसेकडून निघालेला निरोप स्नायूला नीट मिळत नाही, म्हणून काम करून करून स्नायू दमतो. रक्ताची तपासणी करू, छातीचा स्कॅन करू, गोळ्यांनी पुष्कळ फरक पडेल. सर्दी-ताप आला, श्वास लागला, तर मात्र घरी थांबायचं नाही. मग म्हणाल्या, "काही विचारायचंय?"

एवढं ऐकल्यावर माणूस काय विचारेल? बरा होईन का, किती दिवस, नोकरी राहील का. मास्तर म्हणाले, "म्याडम, ही दारू न्हाई, आसं लिहून देता का?"

बाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी लेटरहेडवर मराठीत, ठळक अक्षरांत लिहून दिलं. सही केली, शिक्का मारला.

गोळ्या लागू पडल्या. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासानं आवाज यायचा आणि काही तास टिकायचा. तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळच्या परतीत, मास्तरांनी अंबाजोगाईच्या बरंच अलीकडे गोळी घेतली, घड्याळ पाहिलं, आणि अंबाजोगाई सोडल्यावर मला म्हणाले, "गाडी बाजूला घे बे. इंजिन बंद कर." नेहमीचीच माणसं होती. मास्तर मधल्या जागेत उभे राहिले आणि त्यांनी तो कागद वाचला. नाव, वय, रोग, आणि "सदर इसमाचे बोलणे व चालणे मद्यपानामुळे नाही." एकही शब्द नाकातून आला नाही. मागच्या सीटवरची एक म्हातारी उठली, त्यांच्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मास्तर, माझे पाय लई जळतात. कुणाला दावू?" मास्तरांनी तिला खाली बसवलं आणि म्हणाले, "पायच जळतात, का अजून काही होतंय? समदं सांगा." मी गाडी सुरू केली, पण पुढचा घाट मला धड दिसत नव्हता.

त्यानंतर सव्वा वर्ष मिळालं. फार चांगलं गेलं. मग एका थंडीत सर्दी छातीत उतरली आणि श्वासाचे स्नायू दमले. वहिनींनी वेळ घालवला नाही, पहाटेच गाडी करून लातूर गाठलं. डॉक्टर योग्य, दवाखाना योग्य, कागद सगळे बरोबर. सहा दिवस यंत्रावर होते. काही वेळा सगळं बरोबर करूनही माणूस जातो. डॉक्टर बाई म्हणाल्या, की श्वासाचे स्नायू आधीच कमजोर झाले होते, पहिल्यांदा आलात त्याच्या दोन वर्षं आधी आला असतात तर कदाचित. त्यांनी ते सहज म्हटलं. मी ते कुणाला सांगितलेलं नाही, वहिनींनाही नाही.

आता माझ्या जोडीला कंडक्टर म्हणून एक मुलगी असते. हुशार आहे, कामाला चोख आहे. पेशंटनं डॉक्टर विचारला तर मोबाईलवर नाव काढून देते, पत्ताही दाखवते.

गेल्या दोन महिन्यांपासून माझ्या डाव्या हाताला मुंग्या येतात. गिअर बदलताना कधी कधी बोटं ऐकत नाहीत. कुणाकडे जायचं, तपासणीला सकाळी जायचं की संध्याकाळी, याच्यासोबत अजून काय काय होतंय, हे मला विचारणारा माणूस नाही. जोडीच्या मुलीला सांगितलं तर ती लगेच चार नावं काढून देईल. रोज ठरवतो, आज सांगायचं. मास्तरांचं बघून दोन वर्षं गप्प बसलो. आता स्वतःचं घेऊन गप्प बसलोय, आणि गाडी चालवतोय.